दासगावला बोट साडेबाराला लागली

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी करायची होती, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. गंजलेलं झाकण उघडायला अर्धा तास गेला. आत कागद असतील अशी सगळ्यांना आशा होती. पुनर्विकासात खोली आपलीच आहे हे दाखवायला भाडेपावती जितकी जुनी तितकी बरी, आणि आमच्याकडची सगळ्यात जुनी पावती १९३४ ची. ट्रंकेतून निघालं काय, तर दोन धोतरं, एक मनिऑर्डरची पावती (तारीख पुसलेली), आणि एक पितळी तांब्या. तांब्याच्या गळ्याला सुतळी बांधलेली, खांद्याला अडकवता येईल एवढी लांब.

बाबा म्हणाले, भंगारात काढू. आजी म्हणाली, "हात लावू नको. तो बोटीवरचा आहे."

"कुठल्या बोटीवरचा?"

"बाबासाहेबांच्या."

आमच्या घरात ही गोष्ट मी पाळण्यापासून ऐकत आलेय. डॉ. आंबेडकर महाडच्या सत्याग्रहाला बोटीनं गेले, आणि त्या बोटीत माझे पणजोबा होते. अडचण अशी की नायगावात, परळला, वरळीच्या चाळींमध्ये ही गोष्ट बऱ्याच घरांत आहे. शाळेत माझ्या वर्गातल्या तिघांचे पणजोबा त्याच बोटीत होते. बोटीत माणसं होती सुमारे दोनशे. आपण सगळ्यांनी मिळून त्यात दोन हजार पणजोबा बसवलेत.

म्हणून ठरवलं, एकदा नीट बघायचं. बोट कुठली, ती कुठून कशी गेली, आणि आमचा माणूस तिच्यात असू शकतो का. त्यासाठी पुस्तकं चाळली आणि शेवटी सावित्रीच्या खाडीवर जाऊन आले.

आधी बोटीचं बोलू. तुम्ही कोकण पाहिलं असेल ते बहुतेक गाडीच्या खिडकीतून किंवा रीलमधून. नारळ, होडी, हिरवं पाणी, मागे बासरी. त्यात पाणी असतं ते बघायला. आमच्या पणजोबांच्या कोकणात पाणी हा रस्ता होता. मुंबई-गोवा महामार्ग नव्हता, रेल्वे तर कोकणात धड पोचली १९९८ साली. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या लांबीला फार नाहीत, पण त्यांच्या मुखातून भरतीचं पाणी कित्येक मैल आत शिरतं. त्या पट्ट्याला आपण खाडी म्हणतो. समुद्रातून आगबोट यायची, खाडीच्या तोंडाशी थांबायची, आणि तिथून लाँच, पडाव, होड्या माणसांना आत न्यायच्या. वाशिष्ठीच्या तोंडावर दाभोळ आणि आत चिपळूणजवळ गोवळकोट. सावित्रीच्या तोंडावर बाणकोट, आत म्हाप्रळ, आंबेत, दासगाव आणि शेवटी महाड. नकाशात ही नावं खाडीच्या कडेला एका ओळीत दिसतात, कारण ती त्या रस्त्यावरची स्टेशनंच होती.

या रस्त्यानं मुंबई भरली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसं दोन लाखांहून जास्त होती, म्हणजे शहरातल्या साधारण दर पाच माणसांत एक. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, त्यामुळे आमच्यासारखे या आकड्यात धरलेलेही नाहीत. माणसं गिरणीत, गोदीत, पोलिसात, म्युनिसिपालिटीत लागायची. बायका गावी शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायच्या. शिमग्याला, मे महिन्यात बोटी भरून परत जायच्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावरची वाहतूक बंद. त्या चार महिन्यांत गावी कोणी वारलं तर मुंबईला पत्र पोचायचं, माणूस मात्र वेळेत पोचायचा नाही.

बोटी चालवणारी जुनी कंपनी होती बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन. तिच्याशी स्पर्धा करायला स्वदेशीच्या काळात एक देशी कंपनी उभी राहिली. तिचं अधिकृत नाव लांबलचक, पण लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. हे नाव मला फार आवडतं. तिच्या बोटींची नावंही लोकांच्या देव्हाऱ्यातली होती: ‘तुकाराम’, ‘रामदास’, ‘सेंट अँथनी’. यातली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलं होतं. रायगडातल्या म्हाताऱ्यांना ती तारीख आजही माहीत असते.

त्याआधीचं एक मात्र फारसं कोणाला आठवत नाही, आणि आमच्या गोष्टीला ते लागतं. ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. साधारण सहा आठवड्यांनी बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे दोनशे सहकारी त्याच किनाऱ्यावरून जाणाऱ्या बोटीत चढले.

बोटीनंच का? याचं उत्तर महाडमध्येच आहे. त्या वर्षी दोन परिषदा झाल्या. पहिली १९ आणि २० मार्चला. तिच्यामागे जे कार्यकर्ते होते त्यांत रामचंद्र बाबाजी मोरे हे महत्त्वाचं नाव. ते दासगावात लहानाचे मोठे झालेले, पुढे कम्युनिस्ट झाले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांनी आयुष्य घालवलं. म्हणजे नायगावला दासगाव माहीत होतं, ते अशाच माणसांमुळे. या भागात लष्करातून निवृत्त झालेल्या महारांची घरं होती, लिहिता-वाचता येणारी माणसं होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्येच ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली होती. महाडची लढाई आभाळातून पडली नाही, तिच्या खाली चाळीस वर्षांचा गाळ साचलेला होता.

मार्चच्या परिषदेतला एक तपशील धनंजय कीरांनी नोंदवलाय, आणि तो वाचून मला तांब्या आठवला. परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत आणावं लागलं होतं. बाजूला सावित्री आणि गांधारी वाहताहेत, गावात चवदार तळं भरलेलं आहे, ते सगळ्यांना खुलं करायचा नगरपालिकेचा ठरावही झालेला आहे, आणि तरी पाणी विकत. खाडीकाठची ‘पारंपरिक संस्कृती’ म्हणून आपण जे गोंजारतो त्यात हा हिशेबही धरावा लागतो. भारताच्या एवढ्या पाणीदार तुकड्यात आमची माणसं घरून पाणी बांधून निघायची.

२० मार्चला मोर्चा तळ्यावर गेला, लोक पाणी प्यायले, आणि मग गावात अफवा उठवून परत फिरणाऱ्यांवर हल्ला झाला. हे तुम्ही शाळेत वाचलंय. डिसेंबरच्या सत्याग्रहाची तयारी म्हणून जास्त सावधपणे झाली. महाडला मोटारगाड्या जायच्या, पण ऐनवेळी मालकांनी नकार दिला तर दोनशे माणसं वाटेत अडकणार. बोटीनं दासगावपर्यंत गेलं तर तिथून महाड पाच मैल. गाडी मिळाली नाही तरी पायी जाता येतं. व्यापारी धान्य देणार नाहीत हे धरून शिधा आधीच जमवलेला. मांडवाला जागा कोणी देईना, ती एका मुसलमान गृहस्थांनी, फत्तेखान यांनी, दिली. मला या सगळ्यात सर्वांत भावतो तो हा हिशेबीपणा. भाषणं आपण पाठ करतो. पण कोणी तरी बसून ‘पाच मैल चालता येईल’ हे मोजलं होतं.

बोट होती ‘पद्मावती’. शनिवार, २४ डिसेंबर १९२७ ला सकाळी नऊला मुंबईहून निघाली. दासगावला पोचायला दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा वाजले. धक्क्यावर तीन हजारांच्या आसपास माणसं वाट पाहत होती. तिथंच पोलिसांनी बाबासाहेबांच्या हातात कलेक्टरांचं पत्र दिलं, ते पुढे भेटायला गेले आणि बाकीचे रांगेत चालत महाडला निघाले. महाडच्या कोर्टानं तळ्यावर जायला आधीच तात्पुरती मनाई केली होती, त्यामुळे पाणी भरायचा बेत पुढे ढकलावा लागला. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला पुढे जवळजवळ दहा वर्षं चालला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला.

आता माझा प्रश्न वेगळा होता. सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशी साडेबारा म्हणजे साडेसत्तावीस तास. मुंबई ते बाणकोट एवढं अंतर कापायला आगबोटीला एक दिवस पुरे, संध्याकाळपर्यंत ती खाडीच्या तोंडाशी यायला हवी. मग बाकीचा वेळ कुठे गेला? आणि बरोबर साडेबाराच का?

हे मी आजीला सहज बोलून दाखवलं. आजी चौथी शिकलेली. तिनं विचारलं, "तिथ कुठली होती?"

कोकणात खाडीकाठच्या माणसांचा एक हिशेब आहे. ट्रेकला जाणाऱ्या मुलांनाही तो आता माहीत झालाय. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. घड्याळ जरा मागेपुढे होतं, पण होडी काढायला हिशेब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती सगळ्यात मोठी, तिला उधाणाची भरती म्हणतात, आणि ती येते बाराच्या आगेमागे.

१९२७ चं पंचांग कुठे शोधायचं? एक सोपी युक्ती सापडली. जगभरच्या ग्रहणांची यादी नेटवर असते. २४ डिसेंबर १९२७ ला खंडग्रास सूर्यग्रहण होतं, दूर दक्षिणेला दिसलेलं, आपल्याकडे न दिसलेलं. सूर्यग्रहण म्हणजे अमावास्या. ‘पद्मावती’ निघाली ती अमावास्येच्या सकाळी. आपल्या घड्याळानं ग्रहणाचा मध्य साधारण साडेनऊचा, म्हणजे बोट नुकती धक्क्यावरून सुटली असेल.

दुसरा दिवस प्रतिपदा. एक गुणिले पाऊण. पाऊण वाजता भरती.

मी हे कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. बोट साडेबाराला लागली कारण पाणी तेव्हाच होतं. दासगावपर्यंत बोट न्यायची तर खाडी भरलेली हवी. भरती सकाळी साडेसहाच्या सुमाराला चढायला लागते आणि सहा तास पाणी आतल्या बाजूला ओढ घेतं. बाणकोटच्या बाजूनं सकाळी निघालेली बोट त्या ओढीवर दासगावला येते, आणि पाणी उतरायला लागायच्या आत माणसं उतरवते. भरती रात्रीही होतीच, बाराच्या पुढे. पण अमावास्येच्या काळोखात वळणावळणाच्या खाडीत, वाळूच्या दांड्यांमधून, दोनशे माणसांची बोट कोण घालणार? आणि सहाच आठवड्यांपूर्वी दोन बोटी बुडालेल्या. रात्र वाटेत काढली गेली हे उघड आहे. हा सगळा माझा तर्क, पण ग्रहण आणि घड्याळ दोन्ही त्याच्या बाजूनं बोलतात.

मग एका शनिवारी दिव्याहून पॅसेंजर पकडली आणि वीरला उतरले. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा, रोहा ते वीर, १९९३ साली सुरू झाला. आमच्या घरातली माणसं बोटीवरून एसटीवर आणि एसटीवरून रेल्वेवर आली ती अशी, दर पिढीला एक वाहन. बोटी हळूहळू सुटल्या. एसटी गावात, घराजवळ उतरवायची. बोट खाडीत उतरवून मोकळी व्हायची. मुंबई-गोवा बोट ऐंशीच्या दशकापर्यंत कशीबशी चालली. तोवर १९८२ चा संपही झाला होता, आणि बोटीनं गावी जाणारा गिरणी कामगारच उरला नव्हता.

वीरहून दासगाव जवळ. महामार्गाला लागूनच गाव, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. डोंगराकडे बघवत नाही. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. २०२१ च्या जुलैत महाड पुन्हा बुडालं, आणि तळियेवर दरड आली. खाडीत गाळ साचलाय, पुराचं पाणी निघायला वाट नाही, आणि रेल्वेच्या भरावानं दासगावजवळ खाडीचा गळा आवळलाय, अशी महाडकरांची तक्रार आहे. गाळ काढायचं काम नंतर झालं. पण ज्या नदीतून आगबोट जायची ती आता तळाशी इतकी वर आलीय की होडीलाही जागा बघून जावं लागतं. मगरी मात्र मजेत आहेत. महाडच्या आसपास त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात, कोणी फोटो काढला तरी हलत नाहीत.

धक्क्यावर पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. मुद्दामच ती वेळ धरली होती, बोट लागायची. समोर पाणी नव्हतंच जवळजवळ. चिखल, त्यात मध्येच एक चकाकती पट्टी, कांदळवन, दोन उलट्या घातलेल्या होड्या. पलीकडच्या काठावर आमचं गाव, आता चार घरं उघडी, बाकीच्यांना कुलूप. पूर्वी तिथून तर चालायची. तरीतून इकडे यायचं, मग चालत महाडच्या बाजाराला.

तिथे उभं राहून लक्षात आलं ते असं. पणजोबांना मी पुस्तकांतून शोधत होते, बोटीच्या यादीत. १९३४ च्या पावतीआधी ते मुंबईत होते याचा आमच्याकडे काहीच पुरावा नाही. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या, चार ठिकाणी मिळून २०७, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आधी तिथे राहायला कोणी येईना. भाडं परवडत नव्हतं. वरळीच्या काही चाळींचा तर १९३० साली सत्याग्रहींसाठी तुरुंग केला होता. तेव्हा पणजोबा १९२७ ला नायगावात असतीलही, कोणाच्या तरी खोलीत कोपरा भाड्यानं घेऊन. नसतीलही. त्या दिवशी ते याच धक्क्यावर, तीन हजारांतले एक, बोटीची वाट बघत उभे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दोनशेंत असण्यापेक्षा तीन हजारांत असणं गणितानंच सोपं आहे. पण गोष्ट सांगताना माणसाला बोटीत चढावंसं वाटतं.

आणि पणजी? तिच्याबद्दल घरात कोणी काहीच सांगत नाही. आजी एकदा भाकऱ्या थापताना बोलता बोलता म्हणाली होती की तिच्या सासूनं लुगडं खाली घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली ती महाडनंतर. हातापायांतले जाड जाड वाळेही तेव्हाच काढून ठेवले. तेव्हा मी कान दिला नव्हता. त्या परिषदेच्या शेवटी बाबासाहेब खास बायकांसमोर बोलले होते. जातीची ओळख सांगणारी लुगडं नेसायची पद्धत आणि गळाभर-हातभर दागिने सोडा, हे त्यांनी तिथं सांगितलं होतं. पणजी तेव्हा मुंबईत नव्हतीच. ती खाडीपलीकडच्या गावात होती, या समोरच्या काठावर. तरीतून इकडे आली असेल, आणि पाच मैल चालत गेली असेल. लुगड्याचा पुरावा तांब्यापेक्षा पक्का आहे. आमच्या घरात महाडला नक्की कोणी गेलं असेल तर ती. तिच्या नावावर ना खोली, ना पावती, ना बोट.

तांब्या तिचाच असेल का, हे विचारायला मी तिथूनच आजीला फोन लावला. ती आता चाळीतून निघून भाड्याच्या घरात राहते, पुनर्विकासातली पाचशे फुटांची खोली कधी मिळते याची वाट बघत. आवाज नीट येत नव्हता. मी ओरडून सांगितलं की दासगावला आलेय, धक्क्यावर उभी आहे.

"पाणी किती आहे?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"नाहीच गं. नुसता चिखल."

पलीकडे कालनिर्णयाचं पान फडफडल्याचा आवाज आला.

"अगं, आज अष्टमी," आजी म्हणाली. "सहाला भरती. बाराला सुकतीच असणार. तू ह्या वेळेला काय बघायला गेलीस?"

मी म्हटलं, मग थांबते सहापर्यंत.

"थांब," ती म्हणाली. "आणि तांब्या घासून ठेवलाय मी. कोणाला देऊ नका."